आपल्या शब्दांना आपलीच चाल



बोंडअळी, तुरीवरील मर, माती परीक्षण हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र गाण्याविषयी लिहितो आहे. कृषी खात्यातल्या माणसाने गाण्याच्या वाटेला का जावे, असे कोणी म्हणेल. पण हा विषय मला शेतीच्या कामातूनच भेटला, आणि तोही एका फजितीतून.

फसलेले गाणे

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते वर्ष आपण कोणीच विसरणार नाही. पुढच्या हंगामाआधी गावोगावी सभा घेऊन फवारणीची काळजी सांगायची, असे आम्ही ठरवले. नुसते भाषण कोण ऐकणार? म्हणून मी एक गाणे रचले. चाल घेतली एका गाजलेल्या सिनेमागीताची. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा, सगळे त्यात कोंबून भरले होते.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात पारावर सभा भरली. मी गाऊ लागलो. दुसऱ्या ओळीलाच पोरे हसली आणि तिसऱ्या ओळीपासून माझे शब्द सोडून मूळ सिनेमाचे गाणेच गाऊ लागली. सभा हसतखेळत पार पडली, पण फवारणीचे एक अक्षर कोणाच्या डोक्यात राहिले नाही.

सभा संपल्यावर महिला भजनी मंडळातल्या सत्तरीच्या एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. चाल पिच्चरची हाये, मंग मानसाले पिच्चरच आठोते. तुमची दवाई कशी आठोन?"

मी विचारले, "मग काय करू, आजी?"

"आपलं गानं, तं चालबी आपलीच पायजे. अन् एवढं लांब काहून लिवलं? दोन वळी द्या मले."

मी दोन ओळी दिल्या. आजींनी त्या जात्यावर बसल्यासारख्या अंग हलवत दोनतीनदा पुटपुटल्या आणि तिथेच गाऊन दाखवल्या. पेटी नाही, तबला नाही. मंडळातल्या बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. दहा मिनिटांत ती चाल पारावरच्या लहान पोरांनीही उचलली.

मी बी.एस्सी. झालेला माणूस. जे मला आठ दिवसांत जमले नाही, ते या न शिकलेल्या बाईने दहा मिनिटांत केले. त्या दिवसापासून मी चाल कशी लागते हे शिकू लागलो. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

हे आपल्याच मातीतले काम आहे

चाल लावणे म्हणजे मुंबईच्या संगीतकारांचे काम, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. आपल्या वऱ्हाडाकडेच पाहा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे गरीब घरात जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. हातात एक खंजिरी आणि तोंडी स्वतः रचलेली मराठी व हिंदी भजने, एवढ्या भांडवलावर त्यांनी गावेच्या गावे जागी केली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबरच होती. एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता त्यांनी लिहिली तीही ओवीत. कारण ओवी वाचता येते तशीच गाताही येते.

गाडगेबाबांचे बालपण तर आपल्याच तालुक्यातील दापुरा येथे, मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले. त्यांच्या कीर्तनात मोठी रागदारी नव्हती. लोकांना प्रश्न विचारायचा, उत्तर काढून घ्यायचे आणि मध्येच नामाचा गजर उचलायचा. गजराची चाल इतकी सोपी, की हजारोंचा समुदाय पहिल्याच खेपेला ती उचलत असे. सोपेपणात किती बळ असते ते इथे दिसते.

खानदेशात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. घरच्या माणसांनी ती उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि ती आपल्यापर्यंत पोचली.

आणि नावे नसलेल्या बाया किती! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एवढे पीक ज्या मातीत आले, त्या मातीत आपले दोन दाणे उगवणार नाहीत काय?

पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणणारा गडी, भुलाबाईच्या गाण्यात यंदाची नवी ओळ घुसवणारी पोर, हेही रचनाकारच. फक्त त्यांना तसे कोणी सांगितलेले नसते.

पहिली पायरी : शब्द मोजून घ्या

नव्या माणसाने नुसत्या सुरांपासून सुरुवात करू नये. आधी शब्द घ्यावेत, कारण शब्दांतच अर्धी चाल दडलेली असते. विषय आपल्या घरातला असावा: पाऊस, बैल, लेकीचे सासर, विहिरीचे पाणी. दोन ओळी पुरेत.

आपल्या जुन्या रचना अक्षरे मोजून केलेल्या आहेत. लहान अभंगाच्या एका चरणात साधारण आठ अक्षरे असतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. जोडाक्षर एकच धरायचे. आम्ही आजींना दिलेल्या ओळी पुढे नीट बसवल्या त्या अशा:

फवारणी करू जाता । तोंड झाका हात झाका
न्याहारी करून जावे । वारा अंगी घेऊ नका

मोजून पाहा, प्रत्येक तुकड्यात आठ अक्षरे आहेत. माझ्या पहिल्या गाण्यात एका ओळीत नऊ, तर दुसरीत पंधरा अक्षरे होती. तिफणीतून दाणे असे पडले तर पीक कसे येईल?

ओळी तयार झाल्या की त्या मोठ्याने दहादा बोला. कोणत्या अक्षरावर आवाज आपोआप चढतो, कोठे थांबतो, याकडे लक्ष द्या. प्रश्न विचारताना आपला आवाज शेवटी वर जातो, समजूत घालताना खाली येतो. तीच चालीची रूपरेषा असते.

दुसरी पायरी : ठेका

शब्द ठरले की टाळी धरा. आठ अक्षरांच्या ओळीला केरवा किंवा भजनी ठेका उत्तम बसतो, कारण दोन्ही आठ मात्रांचे आहेत. एका अक्षराला एक मात्रा दिली की एक आवर्तन भरते. मोठ्या अभंगाला सहा मात्रांचा दादरा लावून पाहा. पहिल्या तीन तुकड्यांत सहा अक्षरे सहा मात्रांवर बसतात. चौथ्या तुकड्यात अक्षरे चारच असतात, तेव्हा शेवटचे अक्षर लांबवून उरलेल्या दोन मात्रा भरायच्या. आपल्या पूर्वजांनी तिथे चारच अक्षरे ठेवल्यामुळे दम घ्यायला जागा मिळते.

पहिल्या मात्रेला सम म्हणतात. ओळीतला वजनदार शब्द समेवर पडावा. 'तोंड झाका' यातला 'तों' समेवर आला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावर तो नेमका ठसतो.

ठेक्यासाठी तबला विकत आणायची गरज नाही. खंजिरी, टाळ, रिकामा डबा, काहीही चालेल. माझा पहिला ठेका शकुंतलेने शिकवला. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. डब्यात बसलो की रुळांच्या सांध्यावर चाकांचा खडाक्‌-खडाक्‌ आवाज चाले आणि आम्ही पोरे त्यावर कविता म्हणत असू. आता ती गाडी बंद आहे, पण ठेका कानात आहे. आपल्या कानांतही असे ठेके असतील: मोटेचा, उखळाचा, मळणीयंत्राचा. ते शोधा.

तिसरी पायरी : पाचच सूर

आता सूर. सात सूर, त्यांत कोमल-तीव्र, असे ऐकले की माणूस घाबरतो. सुरुवातीला पाचच घ्या: सा, रे, ग, प, ध. यालाच भूप म्हणतात. पहाटेच्या भूपाळ्यांमुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे. गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, त्यातले पहिले गीतही भूपाच्याच सुरांवर आहे.

गावच्या मंदिरात पेटी असेल तर एक गंमत करून पाहा. पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. एका सप्तकात त्या पाचच असतात: आधी दोनचा जोड, मग तिघींचा. त्यांना काळी एक ते काळी पाच म्हणतात. काळी तीनला 'सा' माना. मग काळी चार हा रे, काळी पाच हा ग, पुढच्या सप्तकातली काळी एक हा प आणि काळी दोन हा ध. झाला भूप तयार!

गंमत पुढेच आहे. पट्ट्या त्याच ठेवून 'सा' बदला. काळी एकला 'सा' मानले की दुर्गा रागाचे सूर होतात. काळी दोनला मानले की धानीचे, काळी चारला मानले की मधमाद सारंगाचे आणि काळी पाचला मानले की मालकंसाचे. पाच पट्ट्यांत पाच रागांचे सूर! भूप प्रसन्न वाटतो, मालकंस गंभीर. आपल्या शब्दांचा भाव पाहून त्याला साजेसे घर निवडावे. एकाच वावरात मूग घ्यायचा की ज्वारी, हे आपण जमीन आणि पाऊस पाहून ठरवतो, तसेच हे.

पट्टीविषयी एक सूचना. शिकताना काळ्या पट्ट्या सोयीच्या, पण काळी तीनचा 'सा' कोणाला उंच वाटेल, कोणाला खाली. सूर पक्के झाले की चाल आपल्या गळ्याच्या पट्टीत न्यावी. पुरुषांना बहुधा पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रियांना काळी चार-पाचच्या आसपास सोयीचे पडते. गाताना गळ्याच्या शिरा ताणल्या तर पट्टी चुकली असे समजावे.

पेटी नसेल तरी अडत नाही. मोबाईलवर तानपुऱ्याचा आणि पेटीचा आवाज फुकट मिळतो. घरातल्या पोरांना सांगा, ती दोन मिनिटांत लावून देतील.

चौथी पायरी : ध्रुवपद आणि अंतरा

गाण्याची ठेवण सोपी असते. जी ओळ पुनःपुन्हा येते ते ध्रुवपद. ते मधल्या सुरांत, सगळ्यांना म्हणता येईल असे असावे. मधले कडवे म्हणजे अंतरा. तो थोडा वर चढतो, वरच्या 'सा'ला शिवून येतो आणि पुन्हा ध्रुवपदाशी उतरतो. बैल सकाळी वावरात जातो आणि संध्याकाळी आपल्या गोठ्यात परत येतो, तशी चाल परत 'सा'वर आली म्हणजे कानाला समाधान वाटते.

नमुन्यादाखल वरच्या ओळींची एक साधी चाल देतो. प्रत्येक सुराला एक मात्रा, अक्षराखाली अक्षर धरून म्हणावे. 'सां' म्हणजे वरचा सा.

फ वा र णी । क रू जा ता
सा रे ग ग । प ग रे ग

तों ड झा का । हा त झा का
ग प ध प । ग रे सा सा

न्या हा री क । रू न जा वे
ग ग प ध । सां सां ध सां

वा रा अं गी । घे ऊ न का
सां ध प ध । प ग रे सा

ही चाल फार मोठी आहे असे मुळीच नाही. आपण ती दोन दिवस म्हणा आणि मग मोडा. एखादा सूर बदला, एखादे अक्षर दोन मात्रा लांबवा, शेवट वेगळा करा. दुसऱ्याची चाल मोडता मोडताच आपली हाताला लागते.

पाचवी पायरी : उगवण तपासा

पेरणीआधी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे मानतो. चालीचीही तशीच परीक्षा घ्यावी. घरातले एक म्हातारे माणूस, एक लहान मूल आणि दोनचार शेजारी यांना ऐकवा. "कशी वाटली?" असे विचारू नका, तोंडावर सगळे चांगलेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणायला सांगा. ज्या ठिकाणी बहुतेक जण अडखळतील, तिथे चूक त्यांची नसते, चालीची असते. ती जागा सोपी करा.

नव्या माणसाच्या हातून पुढील चुका होतात, त्या टाळाव्यात:

१) एका ओळीत फार शब्द कोंबणे. दाट पेरणीने रोपे खुरटतात.
२) पहिल्याच ओळीत सर्वांत उंच सूर गाठणे. मग अंतऱ्याला चढायला जागा राहत नाही.
३) सिनेमाची चाल उचलणे. मूळ शब्द आठवतात हे एक कारण. दुसरे असे, की चाल ही रचणाऱ्याची मालमत्ता असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ती त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राखीव राहते. तुम्ही लावलेली चाल लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर तिलाही तेच संरक्षण मिळते. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.
४) पहिली चाल जमली नाही म्हणून सोडून देणे. पहिल्या वर्षी नवे वाणही बुचकळ्यात टाकते.

जपून ठेवा

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची.

माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे. शब्द तिचे स्वतःचे असत; त्यात आमची नावे असत, मेलेल्या बैलाचे नाव असे, न आलेल्या पावसाला शिव्याही असत. घरात गिरणीचे पीठ येऊ लागले तसे जाते ओसरीच्या कोपऱ्यात गेले आणि ओव्याही बंद झाल्या. मी शिकलो, नोकरीला लागलो. घरात टेप रेकॉर्डर आला, पुढे मोबाईलही आला. आईचा आवाज एकदा भरून घ्यावा, असे मनात येई आणि "दिवाळीला पाहू" म्हणून राही. २००९ साली आई गेली.

आजींची चाल ऐकली त्या रात्री मी थोरल्या बहिणीला फोन केला आणि विचारले, "अक्का, आईची ओवी आठवते का?" शब्द तिला बरेच आठवले. चाल मात्र पहिल्या दीड ओळीपुरतीच आली. पुढे ती थांबली, मग रडू लागली. आता ती दीड ओळ माझ्या मोबाईलमध्ये आहे. उरलेली कोठेच नाही.

गाडगेबाबांनी १९५६ साली, आपल्या अखेरच्या दिवसांत, मुंबईला वांद्रे येथे कीर्तन केले. कोणीतरी ते ध्वनिमुद्रित करून ठेवले, म्हणून बाबांचा आवाज आजही ऐकता येतो. त्या काळी त्यासाठी जड यंत्र लागे. आज ते यंत्र आपल्या खिशात आहे. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसांची गाणी आधी भरून घ्या, खाली नाव, गाव आणि तारीख सांगा. मग आपली नवी चाल भरा. सुराची अक्षरेही वहीत वर दिल्याप्रमाणे लिहून ठेवा. मोबाईल बिघडतो, वही टिकते. जुनी चाल जपली तरच तिच्यातून नवी फुटते. बियाणे ठेवले नाही तर पेरणार काय?

त्या फवारणीच्या गाण्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पुढच्या वर्षी मी त्याच गावाच्या शिवारातून जात होतो. धुऱ्यावर एक गडी पंपात पाणी भरत होता. तोंडाला दुपट्टा बांधलेला आणि दुपट्ट्याआडून तीच आजींची चाल गुणगुणत होता. गाण्यामुळेच दुपट्टा बांधला असे मी म्हणणार नाही. मी त्याला थांबवून सांगितले, की दुपट्ट्यापेक्षा मास्क बरा आणि हातमोजेही घाल. तो हसून म्हणाला, "हो साहेब, गान्यात हातबी हाये ना!"

पोळा येईल, भुलाबाई येईल, कोजागिरी येईल. यंदा त्या दिवशी घरात एक तरी ओळ अशी म्हटली जावी, की जिचे शब्दही आपले आणि चालही आपली. सुरुवात दोन ओळींपासून करा. जमेल.